दुसरी पंगत

शिरपुरात नेम पाळणारी जैन घरं दिवेलागणीच्या आत जेवून उठतात. अंधारात किडामुंगी ताटात येऊ नये, जीव जाऊ नये, म्हणून. नेमकी तेव्हाच ट्यूबलाइटमागून पाल निघते. एकाच छपराखाली दुसरी पंगत बसते, तीही निव्वळ मांसाहारी. तिला फारसं कुणी हाकलत नाही. मूर्ती अधांतरी असल्याचं मानतात त्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या गावात अधांतरी राहणाऱ्याचं अप्रूप ते काय!

पुण्यातल्या भाच्याने मात्र रीतसर इग्वाना पाळला आहे. परवा फोन आला, "मामा, त्याचा जबडा मऊ पडलाय, पाय थरथरतात." डॉक्टर म्हणाले, हाडांतलं कॅल्शियम गेलंय. हौशी पालकांनी रोज पालक चारला होता. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. वर ताकदीसाठी उकडलेलं अंडं. इग्वाना पक्का शाकाहारी, अंड्याने त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. शिरपुरात तो सहज खपला असता.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे ठाऊक होतं. इथे कुंपणच काचेचं. खिडकीतून छान ऊन येतं, असं भाचा कौतुकाने सांगायचा. पण यूव्हीबी किरण काचेतून जवळपास येतच नाहीत. ते नाहीत तर कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. आता खास दिवा आणलाय. तोही लबाड: उजेड देत राहतो, किरण मात्र काही महिन्यांत ओसरतात.

आमची पाल हे काही शिकलेली नाही. चिलटं, पतंग, झुरळाचं पिल्लू, रोज ताट वेगळं. उकडलं की फोटोमागे, गार वाटलं की दिवसभर तापलेल्या भिंतीवर. मादीच्या मानेशी पांढुरक्या गाठी दिसतात, तो आजार नव्हे; अंड्यांच्या कवचासाठी साठवलेलं कॅल्शियम आहे ते. कात टाकली की तीही खाऊन टाकते. वऱ्हाडी काटकसर!

मधेच इग्वाना फांदीवरून पडला, पाय मोडला. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं: पाल डोक्यावर पडली तर काय फळ, खांद्यावर पडली तर काय. पडलेल्या पालीचं काय होतं, त्याला रकाना नाही. आमच्या आईने फोनवर भाच्याकडून बातमी ऐकताच पंचांग काढलं.

"कोणाच्या अंगावर पडला रे बाप्पा?"

"कोणाच्याच नाही आजी, खाली पडला."

तिने पंचांग मिटलं. डॉक्टरांनी काय खायला सांगितलंय, ते विचारलं. जास्वंदीची पानं म्हटल्यावर म्हणाली, "मंग पाठवतो ना पिशवीभर. इथं शेळ्या खातात ते."