आधी वही, मग जहाज

क्रूझच्या जाहिरातीत भाड्याचा आकडा ठसठशीत असतो आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते. मध्यमवर्गीय घराचं बजेट कोलमडतं ते त्या चांदणीपायी. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: दर माणशी, तोही एका केबिनमध्ये दोघं धरून, बंदर शुल्क वेगळं, सेवा शुल्क वेगळं, कर वेगळा. हे वाचायला चष्मा लागतो. आणि घरात ज्याची नजर सगळ्यात तेज, त्या पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात आपण तो कागद देतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. वयात आलेल्या मुलांना घेऊन कमी खर्चात क्रूझ करायची असेल, तर तिकीट काढण्याआधी हिशेबाची वही त्यांच्यासमोर उघडा. निवडक पानं नकोत, सगळी वही.

मुंबईकरांसाठी ही सहल आता घराजवळ आली आहे. सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून सुटायला लागलं. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा थोड्या रात्रींच्या सफरी त्यामुळे सुरू झाल्या. हे जहाज 1990 साली बांधलेलं आहे. मुलं मोबाइलवर बघतात ती कॅरिबियन समुद्रातली अजस्र जहाजं वेगळी. त्यांच्यावर बर्फाची रिंक असते, घसरगुंड्यांचं आख्खं जंगल असतं. हा फरक मुलांना घरीच सांगा. डेकवर पाऊल ठेवताच ‘एवढंच?’ असा प्रश्न आला, तर त्यात मुलाचा काही दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता आकडे. समजा, जाहिरातीत माणशी 20 हजार लिहिलंय. बाबा चारने गुणतात आणि 80 हजार धरून मोकळे होतात. हा हिशेब दोन्हीकडून चुकतो. एकाच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बऱ्याच कंपन्या कमी लावतात, म्हणजे भाडं 80 च्या आत येऊ शकतं. पण सेवा शुल्क दर माणशी, दर रात्री. ते 400 रुपये धरा. चौघं, तीन रात्री, झाले 4,800. बंदर शुल्कातही चार डोकी मोजली जातात. पुण्या-नाशिकहून येणार असाल तर गाडीभाडं, जहाज चुकू नये म्हणून आदल्या रात्रीचा मुंबईतला मुक्काम, बॅलार्ड पिअरपर्यंतची टॅक्सी. हे सगळं लिहून बेरीज करा, आणि बेरीज मुलांना करू द्या. नववीतल्या मुलाला टक्केवारी येते; तिचा उपयोग घरात कुठे होतो हे त्याला अजून कुणी दाखवलेलं नसतं.

तारीखही त्यांच्यासोबत ठरवा. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात भाडं चढतं. शनिवार-रविवार धरून जाणारी फेरी आठवड्यातल्या फेरीपेक्षा महाग पडते. घरात दहावीचं मूल असेल तर मार्चमध्ये परीक्षा संपल्यावरचे दिवस सोन्यासारखे, कारण बाकी शाळांना तेव्हा सुट्टी लागलेली नसते. धाकट्याची वार्षिक परीक्षा आडवी येते का, ते आधी पाहा. पावसाळ्यात हा किनारा विसरा.

केबिनवरून घराघरांत तंटा होतो, म्हणून स्पष्ट लिहितो: बाल्कनी नको. सोळा वर्षांचं मूल बाल्कनीत बसून समुद्र बघत नाही. ते केबिनमध्ये झोपायला येतं आणि उरलेला वेळ जहाजभर हिंडतं. समुद्र वरच्या डेकवरून दिसतो आणि तिथे तो सगळ्यांना सारखाच दिसतो. आतली, बिनखिडकीची केबिन घ्या. मात्र एक गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. चार जणांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली असतात आणि दोन रात्री भिंतीतून किंवा छतातून उघडतात. ते उघडले की दोघांना एकमेकांना ओलांडून जाता येत नाही. न्हाणीघर एकच, दार उघडलं की कोपर आपटेल एवढं. वयात आलेली मुलगी आणि तिचा भाऊ तिथे कपडे कुठे बदलणार? बाल्कनीवरचे पैसे वाचवून आतल्याच दोन केबिन परवडत असतील तर त्या घ्या. आई आणि मुलगी एकीत, बाबा आणि मुलगा दुसरीत. मुलीला तो अवघडलेपणा बोलून दाखवायची वेळ येऊ देऊ नका.

आता खरा खड्डा. जहाजावर रोकड सहसा चालत नाही. चढताना प्रत्येकाच्या हातात एक कार्ड येतं. तीच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. मुलगी काउंटरवर जाते, निळं मॉकटेल मागते, कार्ड मशीनला टेकवते, काठावरची कागदी छत्री उचलून भावाच्या कानावर खोचते. नोट हातातून गेलेली नसते, त्यामुळे पैसे गेले असं तिला वाटतच नाही. सफर संपताना बिल हातात पडतं आणि उतरण्याच्या रांगेत उभं राहून घरातलं भांडण परक्यांना ऐकू जातं.

हे टाळणं सोपं आहे. चढल्या चढल्या रिसेप्शनवर जा आणि मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून मागा. बहुतेक जहाजांवर ही सोय असते. त्याहून चांगलं म्हणजे संपूर्ण सफरीचे पैसे प्रत्येकाला ठरवून द्या आणि मग नाक खुपसू नका. बुफे भाड्यात असतो. बाटलीबंद पेयं, खास रेस्तराँ, व्हिडिओ गेम, फोटो यांचे पैसे वेगळे. हे ज्याला माहीत आहे ते मूल निळं मॉकटेल घ्यायचं की शेवटच्या रात्रीचा फोटो, हे स्वतः ठरवतं, आणि आपल्यापेक्षा नीट ठरवतं.

मोबाइलचंही तेच. किनारा मागे पडला की सिग्नल जातो. जहाजाचं नेटवर्क उपग्रहावरून चालतं, आणि फोनने ते पकडलं तर रोमिंगचं बिल सहलीच्या आनंदावर पाणी फिरवतं. फोन एअरप्लेन मोडवर. वायफायचं पॅकेज घ्यायचं का आणि किती फोनांसाठी, हे घरी ठरवा. दोन-तीन रात्री इंटरनेटशिवाय काढायला मुलं तयार होतात. भर समुद्रात अचानक हुकूम सुटला की बिथरतात. आपणही बिथरलो असतो.

डब्याचा विचारही सोडा. शिजवलेलं अन्न, किटली, इस्त्री या वस्तू बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. त्या काढून घेतल्यावर रांगेत हुज्जत घालणाऱ्या आईबापांकडे मुलं ज्या नजरेने बघतात, ती नजर आपण ओढवून घेतलेली असते.

बंदरातला दिवस मुलांच्या हाती द्या. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं. जहाजाची सहल सोयीची असते, पण पैसे दर माणशी घेतात आणि बराच वेळ बसमध्ये चढण्या-उतरण्यात जातो. बंदराजवळच्या वास्कोहून पणजीला कदंबची बस जाते. तिथल्या फोंतेन्यासमध्ये पायी हिंडायला पैसे पडत नाहीत, जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च बघायलाही नाहीत. मुलांना म्हणा, बसचं वेळापत्रक काढा, परतीची वेळ ठरवा, जेवण कुठे ते तुम्हीच सांगा. एकच नियम पक्का: स्वतः फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. वेळ संपायच्या दोन तास आधी पावलं वास्कोकडे वळलीच पाहिजेत. ही जबाबदारी सतरा वर्षांच्या मुलीला एकदा देऊन बघा. ती घड्याळाकडे आपल्याहून जास्त वेळा बघेल.

लक्षद्वीपची तयारी निराळी. तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान होड्या माणसांना बेटावर नेतात. लाटा वाढल्या तर उतरणं रद्द. कोकणच्या आगबोटीने प्रवास केलेल्या पिढीला हे सांगावं लागणार नाही; मधल्या कित्येक बंदरांवर बोट दूर उभी राहायची आणि उतारूंना पडावातून किनारा गाठावा लागायचा. आजोबा घरात असतील तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा. समुद्र आपल्या वेळापत्रकाने चालत नाही, हे ते आपल्यापेक्षा चांगलं समजावतील. बेट हुकलं तरी सफर कशी काढायची, हेही मुलांशी आधीच बोलून घ्या.

एक गोष्ट मात्र फुकट आहे आणि ती कुणीही टाळू नये: सुरक्षेची कवायत. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडलं, 32 जीव गेले. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम आला. कानातले हेडफोन तेवढा वेळ खिशात.

आणि शेवटचं. हप्त्यावर क्रूझ करू नका. तीन रात्रींचा आनंद बारा महिने फेडायचा आणि त्या बारा महिन्यांत क्लासची फी, चष्मा, बूट या प्रत्येक मागणीवर मुलाला सहलीचा टोमणा ऐकवायचा, हा त्याच्यावर अन्याय आहे. सहल आपण ठरवली होती, कर्ज आपण काढलं होतं. त्याने दोन्हीतलं काहीच मागितलं नव्हतं.

पैसे किती आहेत हे मुलांना कळलं तर त्यांची मान खाली जाईल, अशी भीती आपल्याला वाटते. माझा अनुभव उलटा आहे. आकडा माहीत असलेली मुलं कमी मागतात, जास्त शोधतात आणि हट्ट सोडून सौदा करायला लागतात. वही बघून मुलगा म्हणाला, ‘बाबा, एवढ्यात आपण मालवणला आठ दिवस राहू,’ तर त्याचं ऐका. मालवणला जा. आणि मुलगी म्हणाली, ‘नाही, वर्षभर वाचवू, पण जहाजच,’ तर तिचंही ऐका, वाचवा आणि जा. दोन्हीत सहल त्यांची झालेली असेल, आणि स्वतःच्या सहलीचं बजेट मुलं मोडत नाहीत.