फटफटी पाळू इच्छिणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा एक समजून घ्या. जुनी बुलेट विकत घेतली असं लोक म्हणतात, पण ती पाळावी लागते. उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्याला हे लगेच कळेल. फरक इतकाच की शेळी थोडक्या पाल्यावर जुळी करडं देते, आणि बुलेट दोन लिटर ऑइल पिऊन अंगणात एक काळा डाग देते.

तुम्ही म्हणाल, ब्रिटिश मोटरसायकलींची शिकवणी घ्यायला बसलात आणि थेट बुलेटवरच का आलात? बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ कुठं गेल्या? तर त्यातली एखादी तुमच्या वाड्यात कडब्याच्या गंजीखाली निघालीच, तर आधी मला कळवा, भंगारवाल्याला नंतर. आपल्याकडे ब्रिटिश फटफटी म्हणजे बुलेट, आणि तीही मद्रासची. इंग्लंडातलं रेडिच हे सुया बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या एका सुयांच्या कारखान्याच्या वंशात पुढे सायकली आल्या आणि मग रॉयल एनफिल्डच्या मोटरसायकली. १९५० च्या दशकात आपल्या लष्कराला गस्तीसाठी बुलेट पसंत पडली, १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया ही कंपनी झाली आणि तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला. माहेर बुडालं, सासरी मात्र संसार वाढला.

गाडी घेताना बैल बघतात तशी बघा. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. बुकावर जिल्हा उस्मानाबाद असेल, घाबरू नका, धाराशिव हे नाव २०२३ साली आलं; पासिंग एमएच २५ च आहे. मग, मालक कौतुक सांगत असताना, इंजिनावर हळूच हात ठेवा. गरम लागलं तर समजा की तुम्ही येण्याआधी मालकाने तासभर घाम गाळून ती सुरू करून ठेवली होती. सौदा थंड इंजिनाचाच करावा. गाडीला पन्नास वर्षं झाली असतील तर २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं मिळतात, त्याचे २०,००० रुपये पडतात, आणि मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. शेवटची अट घरी सांगू नका.

आता किक. हा विषय मोठा आहे, बसून घ्या.

चावी लावा. हेडलाइटवर डोळ्यासारखा एमीटर आहे, त्याच्या काट्याकडे बघा. उजवीकडची किक पायाने सावकाश दाबत न्या. काटा पडेल, उठेल, पुन्हा पडेल. पायाला भिंत लागल्यासारखं झालं आणि काटा मधोमध आला की थांबा; पिस्टन वर येऊन बसला आहे. डाव्या मुठीजवळ डीकंप्रेशनची छोटी दांडी असते, ती ओढा. फुस्स आवाज येईल. किक दोन बोटं पुढे सरकवा, दांडी सोडा, किक वर येऊ द्या. आणि मग सगळं वजन टाकून एकच किक. अर्धवट मनाने मारलेली किक बुलेट परत करते, व्याजासकट, नडगीवर.

कळंबच्या मामांनी हे सगळं मला एका वाक्यात शिकवलं होतं. “काटा बघ, आईचं नाव घे, अन् लाथ घाल.” मी काट्याऐवजी समोरच्या ओसरीवरून कोण बघतंय ते बघितलं. मामा धावत आले, आधी किकचा शाफ्ट वाकलाय का ते तपासलं, मग माझा पाय.

दहा किकांत गाडी सुरू झाली नाही तर माणसं जमू लागतात. बंद पडलेली बुलेट आणि लग्नाचं स्थळ, या दोन गोष्टींवर मत नसलेला माणूस आपल्या जिल्ह्यात नाही. एक म्हणेल प्लगला काजळी आहे, दुसरा म्हणेल पेट्रोलमध्ये पाणी आहे. सगळ्यांचं ऐका, पण जो काहीच न बोलता पॉइंटचं झाकण उघडतो आणि सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मागतो, त्याला चहा पाजा. तो कागद पॉइंटच्या फटीत धरून इंजिन हळूहळू फिरवतो आणि कागद नेमका कधी सुटतो ते बघतो. ठिणगी तिथेच पडते. टायमिंग असं लावणारे हात आता थोडे उरलेत, आणि तुम्हाला गाडीपेक्षा त्यांचीच ओळख जास्त उपयोगी पडणार आहे.

गाडी सुरू झाली. आता ती थांबवायची कशी? हा प्रश्न नवशिके चालू गाडीवर विचारतात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. शिवाय पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. समोर म्हैस आली, घाबरून सवयीने उजवा पाय दाबला, तर गाडी थांबणार नाही, वरचा गिअर घेईल. म्हैस बघत राहते. तिला या गाडीचा अनुभव असतो. म्हणून पहिले पंधरा दिवस रोज सकाळी गाडी स्टँडवर लावून बंद इंजिनावर बसा आणि “डावा ब्रेक, डावा ब्रेक” असं पुटपुटा. न्यूट्रल सापडत नसेल तर त्यासाठी टाचेने दाबायचा वेगळा खटका दिलेला आहे. न्यूट्रल शोधायला निराळं अवजार लागतं हे कंपनीनेच मान्य केलं, या प्रामाणिकपणाला माझा मान आहे.

ऑइल गळेल. गळू द्या. आपण आठवड्यातून एकदा मारुतीला तेल घालतो, ही गाडी रोज शनिवार पाळते.

पण सायलेन्सर बदलू नका. फटाके फोडत जाणारी पोरं बघितली की मला त्यांच्या गाडीची दया येते. बुलेटचा आवाज संथ असतो, दोन ठोक्यांमध्ये माणसाला विचार करायला वेळ मिळतो.

खरं सांगायचं तर आपल्या भागाची गाडी पेट्रोलची बुलेट नव्हेच, डिझेलची. ही अनेकांना थाप वाटते, पण एके काळी कंपनीच टॉरस नावाची डिझेल बुलेट विकत होती, ३२५ सीसीची, पाण्याच्या पंपाला शोभेल अशा इंजिनाची. वेग बैलगाडीच्या थोडा वर, धूर ट्रॅक्टरएवढा, पण पेट्रोलच्या बुलेटला लाजवील इतकं ॲव्हरेज. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याने या गाडीवर प्रेम का केलं हे पुण्याच्या क्लबवाल्यांना समजावत बसू नका. मिळाली तर घ्या. हातापायांना मुंग्या येतील, त्यालाच वाहनसुख म्हणतात.

स्कूटरचं काय? ती ब्रिटिश नव्हेच, इटलीची सून. लॅम्ब्रेटा मुंबईत जोडली जाई, व्हेस्पाची बहीण बजाजने आकुर्डीत वाढवली, आणि प्रिया साताऱ्यात बनली. चेतकचं इंजिन उजव्या बाजूला असतं, म्हणून गाडी उजवीकडे ओढते. सुरू झाली नाही तर एका बाजूला कलवा. एवढं आलं की स्कूटरचं शिक्षण संपलं.

पहिली फेरी तुळजापूरची. नवी गाडी आधी आईच्या दारात न्यायची हा रिवाज आहे आणि जुन्या गाडीला तर त्याची जास्त गरज. धाराशिवहून पंचवीसेक किलोमीटर अंतर, चढउतार बेताचे. धीर आला तर पुढे नळदुर्गला जा. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून निघालेलं भारतीय सैन्य इथूनच निजामाच्या राज्यात घुसलं आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला. किल्ल्यात पाणीमहाल बघा, पावसाळा असेल तर नर-मादी धबधबे बघा. गाडी मात्र उतारावर, तोंड खालच्या दिशेला करून लावा; परत निघताना किक नाही लागली तर ढकलून तरी सुरू होईल.

आणि निघण्याआधी पेट्रोलचा कॉक बघा. मागच्या मालकाने तो रिझर्व्हवरच ठेवलेला असतो.