मारिओ, सॉनिक आणि तिसऱ्याचं मैदान

करी रोडच्या आमच्या चाळीत मुलांचे दोन पक्ष होते. मारिओवाले आणि सॉनिकवाले. मारिओवाले संख्येने जास्त, कारण पिवळ्या कॅसेटचा स्वस्तातला डबा टीव्हीला जोडला की मिशीवाला मारिओ उड्या मारायला लागायचा, आणि असे तीन डबे एकट्या आमच्या मजल्यावर होते. सॉनिकचा डबा अख्ख्या चाळीत एकच, तोही कुणाच्या तरी मामाने दुबईहून आणलेला. शॉ वॉलेस कंपनीने १९९५ साली सॉनिक चालवणारं सेगाचं यंत्र भारतात विकायला काढलं तेव्हा त्याची किंमत होती १८ हजार रुपये. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्या घरांत पगार यायचाच थांबला, तिथे हा आकडा नुसता ऐकायचा. त्यामुळे सॉनिकवाल्याचा रुबाब मोठा, आणि त्याच्या दारात पाऊल न टाकणं हा आमचा बाणा.

हे वैर आम्ही उकरून काढलेलं नव्हतं. मारिओला गाठायचं म्हणूनच सेगाने १९९१ मध्ये सॉनिक धावायला सोडला होता, आणि अमेरिकेतल्या जाहिरातींत मारिओच्या निन्टेन्डोचं नाव घेऊन टिंगल चालायची. त्या शर्यतीत सेगा दमली. २००१ साली तिने यंत्रं बनवणंच सोडलं आणि नुसते खेळ बनवायला लागली. पुढे २००७ च्या अखेरीस बीजिंग ऑलिंपिकचा अधिकृत खेळ बाजारात आला. नाव, ‘मारिओ अँड सॉनिक ॲट द ऑलिंपिक गेम्स’. बनवला सेगाने, चालायचा निन्टेन्डोच्या ‘वी’ यंत्रावर, आणि देखरेखीला मारिओचे जन्मदाते शिगेरू मियामोतो. सोळा पात्रं, दोन्ही घरची आठ-आठ.

मला तो बघायला मिळाला दोनेक वर्षांनी, चुलतभावाच्या दहा बाय बाराच्या खोलीत. शंभर मीटर धावायचं म्हणजे कंट्रोलरचे दोन भाग दोन हातांत धरून वर-खाली हाणायचे, थेट ताशाच्या काड्यांसारखे. लालबागच्या पथकात ताशा वाजवणाऱ्या पोरासमोर कुणाचीच डाळ शिजली नाही. सॉनिक जगातला सर्वांत वेगवान असेल, पण हात मंद असतील तर तो मारिओच्या मागे राहतो. मग काकीने हातोडाफेक मागितली. रिमोट डोक्यावर धरून तिने असा गरगर फिरवला की मांडणीवरचा पितळी पेला खणकन खाली आला. पेल्याला पोचा पडला. काकीने तो उचलला, पदराने पुसला, जागेवर ठेवला आणि म्हणाली, ‘परत लाव.’

त्या दिवशी माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता तो दुबईच्या डब्याचा मालक. इतकी वर्षं एका जिन्यावरून उतरलो-चढलो, पण एका चटईवर पहिल्यांदाच.

मला या खेळातली हीच गोष्ट मोठी वाटते. दोघांनी एकत्र यावं असं दोन्ही कंपन्यांत आधीपासून बोललं जात होतं, पण कारण सापडत नव्हतं. सॉनिक मारिओच्या राज्यात गेला तर पाहुणा. मारिओ सॉनिकच्या टेकड्यांवर गेला तर उपरा. ऑलिंपिकचा परवाना सेगाकडे आला आणि जागा मिळाली. धावपट्टी ना याच्या मालकीची, ना त्याच्या. तिथे दोघेही नुसते खेळाडू. दोस्ती करा म्हणून कुणी उपदेश केला नाही, फक्त मैदान दिलं.

आमच्या गिरणगावाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन गल्ल्यांची मंडळं वर्षभर एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायची, पण श्रमिक जिमखान्यात कबड्डीचं मैदान आखलं की दोन्हीकडची पोरं एकाच मातीत लोळायची. पुढेही ही सोय राहील असा कायदा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश खुल्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये तो बदलला. वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची राहिली नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची झाली. गिरणी म्हणजे शेडच शेड, तिथे मोकळं असणार ते किती? ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केलं. मुलांच्या वाट्याचं मैदान कागदावरच आटलं. मला आजही या गोष्टीचा संताप येतो, आणि तो ओसरावा असं वाटतही नाही.

आता करी रोड स्टेशनवर उतरा आणि वर बघा. एका बाजूला चाळीच्या गॅलरीत वाळणारे कपडे, दुसऱ्या बाजूला टॉवर. दोन्हीकडची मुलं एकच खेळ खेळतात, कदाचित एकमेकांशीच, पण फोनवर, टोपणनावाने. टॉवरच्या पोडियमवर खेळायचं कोर्ट आहे. त्याच्या फाटकावर वॉचमन आहे.

आणि मारिओ-सॉनिकचं काय झालं? सहा ऑलिंपिक झाली, शेवटचा खेळ टोकिओचा, २०१९ साली आलेला. त्यात १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकचे सामने जुन्या ठोकळेबाज चित्रांत होते आणि ते बघून माझ्या वयाच्या माणसाचा गळा दाटून यायचा. पॅरिसच्या वेळी अधिकृत खेळ फोन आणि संगणकासाठी निघाला. त्यात मारिओ नाही, सॉनिकही नाही. मैदान ज्याचं होतं त्याने ते दुसऱ्याला दिलं आणि धावपट्टीवरची ती भेट थांबली. दोघांत काही बिनसलं नव्हतं, त्यांना फक्त जागा उरली नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. टॉवरच्या सोसायट्यांनी रविवारी सकाळी दोन तास ते फाटक उघडावं. आणि ज्या मंडळांकडे उत्सवात मोठे पडदे लागतात, त्यांनी उरलेल्या वर्षात महिन्यातून एक संध्याकाळ पडदा लावावा, चार कंट्रोलर ठेवावेत आणि शेजारच्या मंडळाच्या पोरांना नाव घेऊन बोलवावं. खर्च फार नाही. बोलवायला मात्र मन मोठं लागतं, आणि लालबाग-परळमध्ये ते कमी आहे असं मला कुणी सांगू नये.

दुबईच्या डब्याचा मालक आता सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो. गेल्या रविवारी त्याला मुलासकट खाली बोलावलं. माळ्यावरून जुनं ‘वी’ काढलं, सेलच्या खणातला गंज घासला, चारपैकी दोन कंट्रोलर लागले. माझ्या मुलाने एक घेतला, त्याच्या मुलाने दुसरा. शर्यत सुरू व्हायच्या आधी तो पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काका, ऑनलाइन समोर कोण आहे?’

म्हटलं, ‘हा काय, तुझ्या शेजारी बसलाय.’