पेन कुणाला देऊ नये

शाईचं पेन दुसऱ्याच्या हाती देऊ नये, निब फिरते, असं बजावणारं एक तरी माणूस पूर्वी प्रत्येक घरात असायचं. निब फिरते म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारायची सोय नव्हती. पण त्या धाकात तथ्य होतं. धातूचं टोक लिहिणाऱ्याच्या कलानं झिजत जातं. तिरकं धरणाऱ्याचं तिरकं झिजतं, दाबून लिहिणाऱ्याचं पसरतं, आणि एकदा त्याला एका हाताची सवय लागली की दुसऱ्या हातात ते कागद खरवडतं. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप शाईचा धंदा मांडला, त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली, आणि त्या शाईनं महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांचे खिसे निळे केले. खिसा निळा झाला तरी बेहत्तर, पण पेन द्यायचं नाही.

मग बॉलपेन आलं आणि सगळ्या मर्यादा सुटल्या. बॉलपेन कुणाचंच नसतं. ते मागितलं जातं, दिलं जातं आणि परत येत नाही. ज्याचं गेलं तो तिसऱ्याचंच खिशाला लावून घरी येतो, त्यामुळे एकूण हिशेब बरोबर राहतो. सावध माणसं टोपण स्वतःकडे ठेवून नुसतं पेन द्यायची. पांढऱ्या रेनॉल्ड्सची निळी टोपणं अशी वर्षानुवर्षं ओलीस राहिली आहेत. पोस्टानं आणि बँकांनी तर मनुष्यस्वभावाचा पुरता अभ्यास करून पेनाला सुतळीच बांधली. सुतळी नेहमी अशा बेतानं कापलेली असते की शेवटच्या रकान्यापर्यंत पेन पोचत नाही, फॉर्मलाच पेनाकडे सरकावं लागतं. तेव्हा वायरवालं पेन आपल्याकडे आधीपासून होतं म्हणायचं. बिनवायरचं आता आलं.

आमचे काका पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. पेंच प्रकल्पाच्या कालव्यांचे नकाशे त्यांनी ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगनं काढलेले आहेत. रोट्रिंग हे हॅम्बुर्गचं पेन. त्यांचं रॅपिडोग्राफ १९५३ साली निघालं आणि जगभरच्या नकाशेवाल्यांच्या टेबलावर जाऊन बसलं. त्याच्या टोकाला निब नसते, एक बारीक नळी असते आणि नळीच्या आत त्याहून बारीक तार. प्रत्येक जाडीच्या रेघेला वेगळं पेन. चार दिवस हात लावला नाही की शाई आतच वाळून बसायची. मग ते कानाजवळ धरून हलवायचं. आत टिकटिक वाजलं तर पेन जिवंत, नाही वाजलं तर कोमट पाण्याची आंघोळ. रेघ चुकली तर ब्लेडच्या टोकानं अलगद खरवडायची. काकांच्या रोट्रिंगला ऑफिसात कुणी हात लावत नसे. एकदा साहेबांनीच सहीसाठी मागितलं तेव्हा काकांनी खिशातलं बॉलपेन काढून दिलं होतं. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात एकदा तरी निघते, आणि साहेबाचा हुद्दा दर वेळी एक पायरी वर चढतो.

अशा माणसाला मुलीनं बंगळूरहून टॅब्लेट आणि त्यावर लिहायचं पेन पाठवलं. तेही मे महिन्यात.

पेन पांढरं, गुळगुळीत. टोपण नाही, क्लिप नाही, टोक कुठलं आणि शेपूट कुठली हेही पटकन कळू नये असं. काकांनी ते कानाजवळ धरून हलवलं. आवाज आला नाही.

“वाळलं वाटते,” काका म्हणाले.

शेजारचा इंजिनीअरिंगला असलेला पोरगा बोलावला गेला. त्यानं टॅब्लेटचं ब्लूटूथ चालू केलं. यादीत पेनाचं नाव सोडून नागपूरचं अख्खं प्रतापनगर आलं: समोरच्यांचा टीव्ही, वरच्यांचा साउंडबार, कुणाचे तरी इअरबड्स, खाली सावलीला उभी असलेली एक मोटार. काकू पदराला हात पुसत आल्या, यादी वाचली आणि “त्यांच्याकडे दुसरा टीव्ही आला?” एवढंच विचारून आत गेल्या. थोड्या वेळानं आतूनच आवाज आला,

“काय म्हणून राहिलं ते?”

“पेअरिंग मागून राहिलं, काकू.”

“मग देऊन टाका ना बाप्पा, काय मागते ते.”

या पेनांत मुळात दोन घराणी आहेत आणि दुकानदारही ती नेहमी समजावून सांगतो असं नाही. एका घराण्यातल्या पेनाला लिहिण्यासाठी बॅटरी लागतच नाही. वॅकॉम ही जपानी कंपनी १९८३ सालची, तिनं हे तंत्र रुळवलं. काचेखालची जाळी चुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातलं तारेचं वेटोळं त्याच्यावरच जगतं आणि मी इथं आहे, एवढ्या जोरानं दाबलेलं आहे, असं उलट कळवतं. सॅमसंगनं २०११ च्या नोट या फोनमध्ये दिलेलं पेन याच जातीचं. ते लिहायला ब्लूटूथ मागत नाही, म्हणून यादीत दिसत नाही, आणि यादीत दिसत नाही म्हणून लोक ते बिघडलं समजून बर्डीच्या बाजारात घेऊन जातात. तिथं दुकानदार त्याच पेनानं त्याच काचेवर झोकात सही करून दाखवतो. पुढे २०१८ च्या नोटमध्ये सॅमसंगनं त्यात ब्लूटूथही घातलं, पण ते लांबून फोटो काढण्यासारख्या कामांना. लिहिण्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरं घराणं बॅटरीवालं, आणि मानापमान त्याच्याकडे जास्त. ॲपलचं २०१५ चं पेन पहिल्या भेटीत टॅब्लेटच्या चार्जिंगच्या भोकातच खोचावं लागे. शेपटीचं टोपण काढायचं, ते हरवू नये म्हणून मुठीत धरायचं आणि पेन आडवं खोचून बसायचं. १५ सेकंद खोचलं की अर्धा तास लिहिता येई, हे मात्र खरं. २०१८ चं पेन नुसतं कडेला चिकटवलं की झालं. २०२३ साली आणखी एक आलं, त्याची ओळख पुन्हा वायर लावून करून द्यायची. म्हणजे बिनतारी पेनाला तार लागतेच, फक्त सुतळीसारखी कायमची नाही. वर आणखी याचं त्याच्याशी जमत नाही आणि त्याचं याच्याशी. २०२२ च्या साध्या आयपॅडचं भोक बदललं पण पेन जुनंच राहिलं, तेव्हा दोघांची भेट घडवायला मध्ये एक जोडतुकडा घालावा लागला.

लोक पेअरिंगच्या या चौकशीला वैतागतात. नागपूरकरानं खरं तर वैतागू नये. इतवारीत कापडाच्या दुकानात जा. “कुठचे जी तुम्ही?” “धरमपेठ.” “मूळचे?” “उमरेडचे.” “उमरेडचे? मग अमक्यांचे कोण?” नात्याचा नाही तर निदान गावाचा एक धागा हाती लागेपर्यंत थान उलगडत नाही; लागला की चहा येतो. टॅब्लेटही हेच विचारतो. कुठलं, कोणत्या साली निघालेलं, पोटात चार्जिंग किती. फक्त चहा देत नाही.

स्टीव्ह जॉब्सनं २००७ च्या जानेवारीत पहिला आयफोन दाखवताना असल्या पेनांची यथेच्छ टिंगल केली होती. काढा, ठेवा, मग हरवा. त्यापेक्षा जन्मजात मिळालेली बोटं काय वाईट आहेत, असा एकूण सूर. तो गेल्यावर चार वर्षांनी त्याच्याच कंपनीनं पेन विकायला काढलं. हरवण्याबद्दलचं त्याचं म्हणणं मात्र आपल्या कुठल्याही पोस्टमास्तरनं मान्य केलं असतं.

काकांच्या पेनाचं घोडं शेवटी उन्हात अडलं. ॲपल आयपॅडबद्दल लिहून देते की तो ० ते ३५ अंशांत वापरावा. इतर कंपन्यांनीही आपल्या मर्यादा नागपूर बघून ठरवल्या नसाव्यात. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास घुटमळतो आणि दुपारी दोन वाजता घराची भिंतसुद्धा हाताला तापलेली लागते. टॅब्लेटचा पडदा आधी मंद झाला, मग त्यानं गरम झाल्याचं जाहीर करून काम थांबवलं. कूलरसमोर ठेवला तर वाळ्याच्या ताटीतून येणाऱ्या दमट हवेनं काचेवर बारीक ओल धरली, आणि ओल्या काचेला बोट कुठलं नि थेंब कुठला यातलं काही कळेना. पेन प्रवासात उपाशी राहिलं होतं ते वेगळंच. शेवटी रात्री नऊनंतर, गच्चीवर पाणी मारून झाल्यावर, पोटभर चार्ज झालेलं पेन कडेला लावलं आणि पडद्यावर दोघांची ओळख झाल्याचं आलं. पोरगा घरी जेवायला गेला.

काकांनी रेघ ओढली. सरळच आली; हात अजून तोच आहे. पण ते खूश नव्हते.

“दाबलं की जाड होते ही.”

“ती सोय आहे काका. चित्रकारांना लागते.”

“मी चित्रकार आहो का? ०.३ म्हणजे ०.३.”

त्यांना दुसरी गोष्ट खटकली ती पुसण्याची. दोन बोटं टेकवली की रेघ नाहीशी. ब्लेडनं खरवडलेल्या जागी कागद किंचित खडबडीत व्हायचा, प्रिंटवर तिथं सावली यायची, आणि तपासणाऱ्याचं बोट बरोबर तिथं थांबायचं. “इथं चूक केली होती हेच दिसत नाही, मग तपासणारा काय तपासेल?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

एका बाबतीत मात्र त्यांचं पूर्ण समाधान झालं. हे पेन कुणी मागून नेऊ शकत नाही. नेलं तरी जुळणारा टॅब्लेट नसेल तर त्याच्या काही कामाचं नाही. आयुष्यभर ज्यासाठी ते ऑफिसात डोळ्यांत तेल घालून बसले ती सोय कंपनीनं आतूनच करून दिलेली होती. पेन पुन्हा एका घरचं झालं होतं.

माझं मन यावर पुरतं बसत नाही. दीक्षाभूमीच्या गावात राहणाऱ्याला पेन ही देण्याची वस्तू आहे हे विसरता येत नाही. बाबासाहेबांना अभिवादन करायला येताना हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही आणि एक पेन आणा, असं आवाहन राज्यात काही वर्षांपासून होत आलं आहे. ती पेनं ज्या मुलांकडे जातात त्यांची नावं देणाऱ्याला ठाऊक नसतात आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. पेन त्या मुलाला तू कोण, कुठला, असं विचारत नाही. पाच-दहा रुपयांचं बॉलपेन, ज्याला मघाशी मी बेअब्रू ठरवलं, ते कुठल्याही हातात आणि कुठल्याही कागदावर पहिल्या क्षणापासून चालतं. हजारो रुपयांच्या पेनाला हे अजून साधलेलं नाही, आणि ते साधावं अशी विकणाऱ्याची इच्छा आहे असंही दिसत नाही. काकांना मी हे बोललो नाही. ते ०.३ ची रेघ ०.३ वर कायम कशी राखायची ते शोधत होते, आणि ती सोय सेटिंग्जमध्ये सापडलीसुद्धा.

जूनमध्ये त्यांच्याकडे गेलो तेव्हा बैठकीत बसून ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा छेद काढत होते. तेवढ्यात कुरिअरवाला पोरगा आला. डबा खाली ठेवून त्यानं मोबाइल पुढे केला, “आजोबा, इथं सही.”

काकांनी हातातलं पेन तसंच त्याच्या फोनच्या काचेवर टेकवलं. काही उमटलं नाही. जरा तिरकं धरून पाहिलं. मग सवयीनं कानाजवळ नेऊन हलवलं.

“बोटानं करा ना जी.”

काकांनी तर्जनी टेकवली. ज्या हातानं मैलोगणती कालवे आखले त्या हाताखालून एक नागमोडी रेघ निघाली, आडनावाच्या मध्यावर पडद्याच्या कडेला थडकली आणि तिथंच संपली.

“ही माझी सही नाही,” काका म्हणाले.

“चालते जी,” फोन खिशात टाकत तो जिन्याकडे वळलासुद्धा होता, “कोणी पाहत नाही.”