पत्रकावरची शेवटची ओळ

बीड जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ सहा, पण प्रचारपत्रक सगळीकडे एकाच रीतीनं बनतं: आधी फोटो, मग उरल्या जागेत मजकूर. वर दिल्ली-मुंबईचे नेते, मधे हात जोडलेला उमेदवार, खाली तालुकाध्यक्षापासून बूथप्रमुखापर्यंत चेहऱ्यांची रांग. छपाईचा समन्वय म्हणजे भाऊंचा फोटो दादांच्या फोटोपेक्षा सूतभरही मोठा होऊ न देणं. त्यापायी डीटीपीवाला पोरगा पाण्याचा मुद्दा आणखी बारीक टायपात बसवतो. पाण्याला काय, आकसायची सवयच आहे आपल्याकडे.

गंमत अशी की, कायद्याला ना भाऊंची फिकीर, ना दादांची. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते पत्रकावर छापलेच पाहिजेत. नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय प्रकाशकानं स्वतःच्या ओळखीचं घोषणापत्र द्यायचं, त्यावर त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि छापल्यावर प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे. फोटोसाठी भांडणारे शंभर. प्रकाशक म्हणून नाव द्यायची वेळ आली की सगळ्यांना एकदम ‘कार्यालयाकडे विचारा’ आठवतं.

हातानं नक्कल केलेल्या प्रतींना मात्र हे कलम छपाई मानत नाही. कार्यकर्ते एवढे निष्ठावंत आहेत, तर बसवा की रात्रभर लिहायला. पण मग फोटोंचं काय?