गोळीने काय काय झाकलं?

२३ सप्टेंबर २०२४. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या माणसाला तळोजा कारागृहातून पोलिसांच्या गाडीतून नेत होते. मुंब्रा बायपासवर गोळ्या सुटल्या, आरोपी मेला. लगेच पेढे वाटले गेले आणि ‘बदला पुरा’चे फलक लागले.

पुरा? कोणाचा?

पोलीस म्हणाले, त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावलं, गोळ्या झाडल्या, एक अधिकारी जखमी झाला, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी घालावी लागली. कुठे घातली? डोक्यात.

दोनच दिवसांत उच्च न्यायालयाने जे विचारलं, ते तुमच्याआमच्याही मनात आलंच होतं. गाडीतल्या चार पोलिसांना एक माणूस आवरला नाही? पायावर किंवा हातावर गोळी का मारली नाही? पिस्तुलाची स्लाइड मागे खेचायला जोर लागतो आणि सवयही. ती याला कुठून आली?

जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल आला. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नाहीत. बळाचा वापर अनाठायी. पाच पोलीस जबाबदार.

मग गुन्हा दाखल झाला असेल ना लगेच? छे! एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाला तसा आदेश द्यावा लागला.

एवढं बोललं की ठरलेला सवाल येतो : तुमची मुलगी असती तर?

असती, तर मला खटला हवा होता. भर कोर्टात चाललेला, साक्षीपुराव्यांचा, शिक्षेपर्यंत गेलेला. त्या पोरींच्या आईबापांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवलं होतं. शाळेतलं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण गायब असल्याचं खुद्द तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं. कोणाला कधी कळलं, कोणी गप्प बसवलं, हे सगळं त्या खटल्यात चव्हाट्यावर आणता आलं असतं. मुख्य आरोपीवरचा खटला मात्र त्याच्याबरोबरच संपला.

२० ऑगस्टला लोक दिवसभर बदलापूर स्थानकात रुळांवर होते. तेव्हाचा राग शाळेवर होता, तसाच पोलिसांवरही होता. महिनाभराने एका गोळीने तो राग पोलिसांच्या कौतुकात बदलला. यात फायदा कोणाचा झाला, हे सांगायला तपास पथक लागत नाही.

हैदराबादला तरी वेगळं काय झालं? ६ डिसेंबर २०१९ रोजी बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी मारले गेले, पोलिसांवर फुलं उधळली गेली. २०२२मध्ये न्या. विकास सिरपूरकर आयोगाने सांगितलं, चकमक बनावट होती, दहा पोलिसांवर खटला चालवा. त्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, हेही सांगितलं. फुलं उधळणाऱ्यांपैकी कितींनी तो अहवाल उघडून पाहिला?

आणि नियम नाहीत असं थोडंच आहे? २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेही महाराष्ट्राविरुद्धच्याच प्रकरणात, लेखी घालून दिलेत : गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करून घ्या, घटनेनंतर लगेच शौर्यपदकं वाटू नका. कागद तयार आहे. वाचायचा कोणी?

मुंबईत २००६ साली लखनभैयाला बनावट चकमकीत मारलं. माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना त्यासाठी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली मार्च २०२४मध्ये. सतरा वर्षांहून जास्त काळ! मृताचा भाऊ वकील होता, चिवट होता, म्हणून.

ज्याच्या घरात वकील नाही, त्याचं काय? बदलापूरच्या आरोपीच्या आईवडिलांनी फेब्रुवारी २०२५मध्ये न्यायालयाला सांगून टाकलं, ही धावपळ आता झेपत नाही, प्रकरण पुढे चालवायचं नाही. तिथेच फाइल बंद झाली असती. न्यायालयाने न्यायमित्र नेमून ती उघडी ठेवली, म्हणून एप्रिलचा तो आदेश निघाला. हे काम सरकारचं होतं.