पेन्सिल माइकचा खरेपणा

घरी ध्वनिमुद्रण करायचं मनात आलं की आधी डोळ्यांसमोर येतो तो मोठ्या पडद्याचा, जाळीदार, भारदस्त माइक. फोटोतही तो शोभतो. लहान पडद्याचा कंडेन्सर, अर्थात पेन्सिल माइक, म्हणजे नुसती बोटभर जाडीची नळी. आतला पडदा साधारण अर्ध्या इंचाचा. पाहुणे हमखास विचारतात, ‘हा एवढासाच?’

तो तंबोऱ्यासमोर लावून पाहावा. पडदा हलका, त्यामुळे हवेतली बारीकशी थरथरही चटकन पकडतो. जवारीची झणझण, तबल्याच्या चाटेवरचा करकरीत ‘ना’, संतूरच्या तारेवर कलम पडल्याचा क्षण, सगळं कडेसकट येतं. गळ्यासाठी मात्र मी मोठाच माइक घेईन. तो गायकाचे थोडे लाड करतो, हा कुणाचेच करत नाही.

बाजूने आलेला आवाजही हा फारसा बिघडवत नाही, ही त्याची खरी ख्याती. कॅटलॉगात हा गुण मोठ्या अक्षरांत छापतात, पण कॅटलॉग लिहिणारे आपल्या सोसायटीत राहत नाहीत. शेजारच्या मिक्सरचा आवाज मोठा माइक जरा बोथट करून घेतो. हा मात्र चटणी ओली की सुकी, तेही सांगेल.

त्याला लागणाऱ्या ४८ व्होल्टचा किस्सा तर भलताच घरगुती आहे. १९६६ साली जर्मनीची नॉयमन कंपनी नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ट्रान्झिस्टरवरचे नवे माइक बनवत होती. हिवाळ्यात तिकडे उजेडाची टंचाई, म्हणून स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच माइकला दिली. केएम ८४ हा पेन्सिल माइक त्यातलाच, आणि आज आपल्या ऑडिओ इंटरफेसवरचं ‘४८’चं बटण त्याच दिव्यांच्या कृपेचं.

आपल्याकडे उजेड भरपूर, अडचण दमटपणाची. पावसाळ्यात ओल धरली की माइक चरचरतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.

बहुतेक पेन्सिल माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे पाठीमागचं त्यांना सर्वांत कमी ऐकू येतं. तेव्हा त्याची पाठ स्वयंपाकघराकडे करा. पंखा बंद करा, तबलजी कितीही घामाघूम होवोत. माइक वाद्याच्या निम्म्या अंतरावर आणा: वाद्य सुमारे सहा डेसिबलने वाढतं, खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. महागडा दुसरा माइक मागवण्याआधी एवढं करून बघाच. पैसे पडत नाहीत.